फोटोची उजवी बाजू

आई, गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला तुझा चेहरा आठवत नव्हता. तुझा आवाज आठवायचा, चुलीपुढं तू एक गुडघा उभा ठेवून बसायचीस ते आठवायचं, तुझा खरबरीत तळहात माझ्या गालाला आजही आठवतो. पण चेहरा म्हणून डोळे मिटले की तिथं नुसतं ऊन दिसायचं. तू गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तुझा एकही फोटो नव्हता. शेळगावच्या आपल्या दोन खणांच्या घरात भिंतीवर एकच तसबीर होती, ज्यांच्यामागं जाऊन आपल्या माणसांनी धर्म बदलला त्यांची. तू ती रोज पदरानं पुसायचीस. फोटो मोठ्या माणसांचे असतात, असं मला तेव्हा वाटायचं. तुलाही तसंच वाटत असणार.

चेहरा सोडून बाकीचं मात्र सगळं आहे. त्या मोठ्या दुष्काळातला आपला स्वयंपाक आहे. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, बाहेरच्या देशातून आलेली, आणि तिच्या पिठाची भाकरी थापायला गेलं की कडेनं फाटायची. तू ओल्या बोटांनी एकेक चीर बुजवत बसली आहेस, न चिडता, आणि शेवटची भाकरी तव्यावर टाकताना म्हणतेस, "ह्या मिलोला आपली भाषा कळत न्हाय अजून. शिकंल हळूहळू." टँकरच्या रांगेतला तो दिवसही आहे. मी माझी छोटी कळशी घेऊन एका म्हातारीच्या पुढं घुसले आणि भरून घेतली. तू मागून आलीस, कळशी माझ्या हातातून काढून म्हातारीच्या हंड्यात रिकामी केलीस आणि मला रांगेच्या शेवटाला नेऊन उभं केलंस. मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "रांग म्हंजी रांग." माझी पाळी येईतो टँकर कोरडा झाला होता. पुढं मी सरकारी दवाखान्यात नर्स झाले, तिथं ओपीडीच्या दाराशी कुणाचे पाहुणे मध्ये घुसायला लागले की माझ्या तोंडून तुझेच शब्द निघायचे, तुझ्याच सुरात. लोक मला कडक सिस्टर म्हणायचे.

आणि निमगावच्या बाजारातून तू मला आणलेला तो आरसा. गुलाबी प्लॅस्टिकच्या दांड्याचा, तळहाताएवढा. मला देण्याआधी तू स्वतः त्यात डोकावून बघितलंस. मी तुझ्या पाठीवरून वाकले होते, म्हणून मला त्यात तुझा एक डोळा आणि गालाचं हाड दिसलं. तुझ्या चेहऱ्यापैकी माझ्याजवळ उरलं होतं ते एवढंच, आणि तेही मी इतक्या वेळा आठवून बघितलं होतं की खरं किती आणि माझ्या मनानं भरलेलं किती, हे मलाच कळेनासं झालं होतं. काविळीनं तू गेलीस, अण्णांनी मला निमगाव केतकीला मावशीच्या ओटीत घातलं, तिनं मला शिकवलं, नर्सिंगला धाडलं. मावशीचेही त्या काळातले फोटो नाहीत. तुझ्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, "गोरी बी न्हाय, काळी बी न्हाय, चांगली हुती." आणि कामाला लागायची. फार विचारलं तर तिचे डोळे भरायचे, म्हणून मी विचारायचं सोडून दिलं.

गेल्या उन्हाळ्यात पेन्शनच्या कागदांसाठी मला फोटो हवे होते. इंदापूरला एका कामाला गेले होते, म्हणून तिथल्याच एका जुन्या स्टुडिओत शिरले. म्हातारे फोटोग्राफर केव्हाच वारले, आता त्यांची सून दुकान बघते. ती माझे फोटो कापत होती आणि मी भिंतीकडं बघत होते. तिथं वहीएवढा एक काळा-पांढरा फोटो लावलेला. उघडा माळ, मातीचा लांबच लांब बांध, आणि त्या बांधावर, उतारावर, खाली खड्ड्यात, जिकडंतिकडं माणसं. शेकडो. सगळी कॅमेऱ्याकडं तोंड करून उभी.

"हा कुठला हो?" मी विचारलं.

"सासऱ्यांनी काढलाय," ती म्हणाली. "दुष्काळात पाझर तलावाचं काम चाललं होतं ना, शेळगावच्या अंगाला. तिथला."

आई, मी तिथल्याच स्टुलावर बसले. कारण तो दिवस मला माहीत होता. आम्ही लहान पोरं बाभळीखाली बसवलेली असायचो, तान्ही बाळं झोळ्यांत, आणि एके दिवशी भर कामात सगळं थांबलं. टिकाव थांबले, घमेली थांबली. एक माणूस तीन पायांच्या पेटीमागं काळ्या कापडात डोकं खुपसून उभा राहिला. मला वाटलं, ह्याला डोकंच नाही. मी रडायला लागले आणि तू लांबून, बांधावरून, हात वर करून मला थांब म्हणालीस. हात आठवतो. म्हणजे तू ह्या फोटोत होतीस. भिंतीवरच्या त्या कागदात, तांदळाच्या कणीएवढ्या डोक्यांमध्ये, कुठंतरी.

मी तिला सांगितलं. ती चांगली बाई निघाली. म्हणाली, सासरे मोठ्या कॅमेऱ्यावर काढायचे, वहीच्या पानाएवढी निगेटिव्ह असायची, तिच्यात फार बारकावा असतो. पुण्याच्या एका कॉलेजातल्या लोकांनी त्या सगळ्या निगेटिव्ह नेऊन मोठ्यात मोठ्या करून स्कॅन करून दिल्या होत्या. "फाईल देते तुम्हाला," ती म्हणाली, "पण आमच्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही. लहान केलेली उघडते, तिचाच हा प्रिंट." दोन्ही फाइली तिनं पेनड्राईव्हवर घालून दिल्या. बारामतीच्या एसटीत ती पेनड्राईव्ह मी पर्समध्ये ठेवली नाही. मुठीत धरून बसले.

माझ्या घरी लेकीचा जुना कॉम्प्युटर आहे. तिला पुण्याला नोकरी लागली तेव्हा ती तो इथंच सोडून गेली, मी त्यावर वीजबिल भरते, तिच्याशी बोलते, बाकी फार काही नाही. लहान फाईल उघडली. लगेच उघडली, आणि मी ती मोठी करत गेले तसं चेहऱ्यांचे चौकोन झाले. करडे, काळे, पांढरे चौकोन. नाक नाही, डोळे नाहीत. मग मोठी फाईल. कॉम्प्युटर घरघरला, माऊसचा बाण गोल फिरत राहिला, पडदा पांढरा पडला, आणि मधोमध एक चौकट आली: हा फोटो उघडण्यासाठी पुरेशी मेमरी नाही. मी परत केलं. परत तेच. मेमरी म्हणजे आठवण, एवढं इंग्रजी मला येतं. क्षणभर मला वाटलं, हे यंत्र माझ्याबद्दलच सांगतंय. मग मी चहा केला आणि शांतपणे विचार केला. पेशंट बेशुद्ध असला म्हणून नर्सनं बेशुद्ध व्हायचं नसतं.

मला वाटलं, कॉम्प्युटर भरला असणार. म्हणून लेकीचे जुने सिनेमे, लग्नांचे व्हिडिओ, तिला फोनवर विचारून विचारून मी पुसले. बरीच जागा झाली. फोटो उघडला नाही. तेव्हा मी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथले भाई मला ओळखतात, त्यांच्या बायकोचं पहिलं बाळंतपण माझ्या वॉर्डात झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही कणगी रिकामी केलीत," ते म्हणाले, "आणि अडलंय परातीत. कणगीत ज्वारी कितीही मावू द्या, मळायला घ्यायचं तर परातीत बसेल तेवढंच पीठ. तुमची परात लहान आहे. आणि ही फाईल दिसते त्याच्या कितीतरी पट आहे. दाबून भरलेली असते ती. उघडली की गादीतल्या कापसासारखी फुगते."

"मग काय करायचं?"

"पेनड्राईव्ह इथं आणा. दुकानातल्या मशीनवर बघू, पाच मिनिटांत."

मी नको म्हटलं. त्यांना कारण सांगितलं नाही, पण तुला सांगते. दुकानात गिऱ्हाइकांची ये-जा, कुणाचा मोबाइल वाजतोय, कुणी प्रिंटरची शाई मागतंय, आणि त्यात मी तुला शोधत बसायचं, हे माझ्या मनाला पटेना. त्यांनी आग्रह धरला नाही. मी घरी येऊन फोन लावला आणि ते सांगतील तसं करत गेले. मागं लपून चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले. मी पुसून केलेली रिकामी जागा शेवटी कामाला आली, कारण मेमरी कमी पडली की डिस्कचा एक भाग तिच्या मदतीला लावता येतो. परात भरली की उरलेलं पीठ सुपात ठेवायचं, तसं. कामाला वेळ लागतो, पण होतं. आणि जुना फोटो बघायचा प्रोग्राम काढून नवा घेतला, कारण जुन्याला म्हणे कितीही मेमरी दिली तरी ठरावीक मापापलीकडं तो हातच लावत नाही. नवा तसा नव्हता, आणि तो अख्खा फोटो एकदम न मागता तुकड्यातुकड्यानं उघडायचा. मी कागदावर पायऱ्या लिहून घेतल्या नव्हत्या, दोनदा चुकले, एकदा कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू झाला. भाई म्हणाले, "घाबरू नका, तो मरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाजी फोडणीला टाकून मी परत खुर्चीत येऊन बसले आणि फोटो यायला लागला. वरून, डावीकडून. आधी नुसतं आभाळ, एक ढग नाही. मग माळाची कड. मग बांधाचा माथा, आणि मग डोकी. एकेक तुकडा धुरकट यायचा आणि बघता बघता स्वच्छ व्हायचा, जसं कुणी आतून काच पुसतंय. मी एका ठिकाणी मोठं केलं. चौकोन झाले नाहीत. आणखी मोठं केलं. एक बाई होती, तिच्या नाकातली चमकी दिसली. चमकीवर उन्हाचा ठिपका. तिच्या शेजारच्या पोरीच्या ओठांना भेगा होत्या, मला त्या मोजता आल्या असत्या. एका म्हाताऱ्याच्या कानात अत्तराचा बोळा. घमेल्यात सांडलेला मुरूम, त्याचा खडान्‌खडा. आई, मी जन्मभर माणसांची शरीरं जवळून बघितली आहेत, पण एवढी माणसं एकाच वेळी, इतकी खरी, इतकी गप्प, मी कधी बघितली नव्हती. त्या दिवशीचं ऊन त्यांच्या अंगावरून उठून त्या पेटीत शिरलं आणि पन्नास वर्षं काळोखात कपाटात पडून होतं, आणि आता ते माझ्या बारामतीच्या खोलीत, माझ्या चष्म्यावर पडत होतं. भाजी करपली. मला वास आला, पण उठावंसं वाटलं नाही.

पूर्ण मात्र उघडला नाही. फोटोचा उजवीकडचा भाग काळाच राहिला आणि तीच जुनी चौकट परत आली, पुरेशी मेमरी नाही म्हणून. पण मला त्याचं फारसं वाटलं नाही. स्टुडिओतल्या प्रिंटमध्ये मी बघितलं होतं, उजव्या बाजूला पहारी आणि टिकाव घेतलेले गडी उभे होते. बायका सगळ्या डावीकडं, घमेली घेऊन. मला गडी कशाला हवे होते?

मी रोज सकाळी बसायचे. एका टोकापासून, चेहऱ्यामागून चेहरा. पहिले दोन दिवस मला खात्री होती की समोर आलीस की मी तुला ओळखीन, पोटातूनच कळेल. मग हळूहळू भीती वाटायला लागली. मी एवढ्या बायकांवरून पुढं गेले होते, त्यातली एखादी तू असलीस तर? जो चेहरा आठवतच नाही तो ओळखायचा कशावरून? शेवटी मी एक बाई निवडली. कमरेवर कळशी घेतलेली, नाकीडोळी नीटस, नजर शांत. गालाचं हाड मला आरशातल्यासारखं वाटलं. चार-पाच दिवस मी तिलाच आई म्हणून बघत होते. तिच्याशी बोललेही. पण पोटातून काही कळलं नाही, हे खरं.

तेव्हा मी रिक्षा करून निमगावला गेले आणि मावशीला घेऊन आले. ती आता सत्तरीच्या पुढची आहे, मोतीबिंदू काढलेत, गुडघे धरतात, पण डोकं लख्ख. तीही त्या कामावर होती, तिचं नुकतंच लग्न झालं होतं. तिला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली आणि पडदा तिच्यापुढं ओढला. ती पडद्यावर वाकली. मग तिनं काचेला बोट लावलं.

"ह्यो आमचा मुकादम. मेला ह्यो. ही बघ, हिचं पोरगं झोळीत असायचं, रडायचं लई. ही बी गेली. ही..." तिचं बोट सरकत होतं, आणि ती एकेकाचं नाव घेत होती, आई. पन्नास वर्षांपूर्वीची नावं. कुणाची सून, कुणाची नणंद, कुणाच्या घरात त्या साली काय घडलं. मी रोज सकाळी जी गर्दी बघत होते ती गर्दी राहिलीच नाही, सगळं गाव माझ्या खोलीत येऊन बसलं.

मी माझी कळशीवाली दाखवली. "ही ना, मावशी?"

"ही?" मावशी म्हणाली. "ही माळावरची. लई भांडायची टँकरवर."

"मग आई कुठंय ह्यात?"

मावशीनं माझ्याकडं वळून बघितलं, जसं मी काहीतरी भलतंच विचारलं. "ती हितं कशी दिसंल गं? ती पहारीवर हुती. तिकडं, बाप्यांच्यात."

तिनं काळ्या भागाकडं हात केला.

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मावशी म्हणाली, कुणी इचारलं कुठं. पहिल्याच महिन्यात अण्णांचा हात दगडाखाली सापडून मोडला. टोळीत खणायला एक गडी कमी पडला, आणि खणलेलंच नाही तर बायकांनी वाहायचं काय? टोळी मोडणार होती. "तुज्या बाची पहार हिनं उचलली. मुकादम म्हणला, बाईमाणूस पहारीवर? हे न्हाय चालायचं. तर म्हणली, मुरमाला इचारा, त्याला कळतं का बाई हाय का बाप्या. अन् मारली की पहार. सगळं बघत बसलं. दुपारपतुर मुकादम बोलला न्हाय, अन् मग म्हणला, ऱ्हाऊ द्या हिला. तुज्या बाचा शर्ट घालायची अंगात लुगड्यावरनं, डोईला टावेल. लांबनं गडीच दिसायची. अक्खा उन्हाळा काढला तिनं पहारीवर."

रोज संध्याकाळी तू एक खाकी शर्ट अर्ध्या बादलीत पिळायचीस, ते मला आठवतं. मला वाटायचं, अण्णांचा. अण्णा तर हात गळ्यात बांधून ओट्यावर बसलेले असायचे. मला तेव्हा काहीच कसं कळलं नाही, आई? सहा-सात वर्षांच्या पोरीला आई कामावरून येते एवढंच दिसतं. आई काय काम करून येते, ते दिसत नाही. तुझ्या तळहाताचा तो खरबरीतपणा मी जन्मभर भाकरीच्या खाती मांडला होता.

मी भाईंना फोन केला. ते म्हणाले, जेवढं सेटिंगनं होण्यासारखं होतं तेवढं झालं, आता परातच मोठी घ्यावी लागेल. दुपारी ते स्वतःच घरी आले. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली धूळ फुंकली आणि खिशातल्या पाकिटातून एक हिरवी पट्टी काढली, बोटाएवढ्या लांबीची. मावशी वाकून बघत होती.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

"एवढीशीच, आजी. पण हिच्याविना तो अर्धंच बघतो."

पट्टी बसवून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, सगळं ठीक आहे ना ते तपासलं, आणि फोटो उघडायची वेळ आली तेव्हा चहाचा कप खाली ठेवून उठले. "तुम्ही बघा निवांत," म्हणाले. मी कारण सांगितलं नव्हतं, तरी त्यांना समजलं असावं.

ह्या वेळी आभाळ झटकन आलं. बांध आला, बायका आल्या, आणि जिथं काळं सुरू व्हायचं तिथं फोटो न थांबता पुढं गेला. गडी यायला लागले. उघडी अंगं, मुंडासी, खांद्यावर टिकाव. चौकट आली नाही. शेवटची कड भरली आणि कॉम्प्युटरची घरघर थांबली. मावशीनं चष्मा पुसला. तिचं बोट मागच्या रांगेवरून हलकेच चाललं होतं, आणि मी श्वास धरून त्या बोटाच्या मागं. "ह्यो न्हाय. ह्यो बी न्हाय. ह्यो... हितं. ही बघ."

मी मोठं केलं. आणखी मोठं केलं.

ओळख पटली असं मी खोटं सांगणार नाही. आरशातला तो डोळाही मला त्यात सापडला नाही. माझ्यासमोर कुणी वेगळीच होती, जिला मी कधी बघितलंच नव्हतं. डोक्याला टॉवेल, त्याखालून एक बट सुटलेली. पापण्यांवर मुरमाची लाल धूळ, फोटोत ती पांढरी दिसत होती. अंगात अण्णांचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, गळ्याशी बटण नाही म्हणून बाभळीचा काटा टोचून बंद केलेला. काट्याचं टोकसुद्धा दिसत होतं. उजव्या हातात पहार, जमिनीत रोवलेली, डोक्यापेक्षा उंच. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा उठलेल्या. शेकड्यांनी पेशंटांच्या हातांना सुया टोचल्या मी, असा हात बघितला नव्हता. दोन्ही बाजूचे गडी तुझ्यापासून किंचित सरकून उभे होते. बाई म्हणून आडबाजूला ठेवलेली नव्हतीस तू. मला वाटतं, ती अदबीनं सोडलेली जागा होती. आणि बाकी सगळे तोंड मिटून ताठ उभे असताना तुझे ओठ अर्धवट उघडे होते.

"काय म्हणत असेल गं?" मी विचारलं.

"कुणाला ठावं," मावशी म्हणाली. "बोलतच असायची ती." आणि मग, पडद्यावरचं बोट न उचलता, "त्या तळ्यात पाणी हाय अजून. मासं धरत्यात पोरं. बाजूनं समदा ऊस."

मावशी संध्याकाळी जेवून झोपली. मी मात्र दोन दिवस कॉम्प्युटर बंद केला नाही. भाईंनी फोनवर समजावलं की एकदा उघडला म्हणजे परत उघडेल, मशीन तापेल उगाच. मला ते कळत होतं. तिसऱ्या दिवशी बंद केला, परत चालू केला, आणि तू होतीस तिथंच होतीस. लेक पुण्याहून आली तेव्हा तिला दाखवलं. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "ही आजी?" तिचं वय ह्या फोटोतल्या तुझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्तच आहे. स्टुडिओतल्या बाईंनी विचारलंय, आईंचा तेवढाच भाग काढून मोठा प्रिंट करून देऊ का, भिंतीवर लावायला. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला त्या रांगेतून एकटीला कापून काढावं असं मला वाटत नाही. केला तर अख्खाच करीन, तू जिथं उभी आहेस तिथं ठेवून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट लावून दाखवीन.

हे सगळं तुला कळवायचं होतं. धाडायला काही पत्ता नाही, तेव्हा लिहून झालं की ह्याच टेबलाच्या खणात राहील. पत्राच्या डोक्यावर मी आई लिहिलंय, कारण दुसरं काय लिहिणार. पण एक सांगून टाकते. मावशीनं बोट ठेवलं आणि तू त्या काचेत पहिल्यांदा नीट समोर आलीस, धुळीनं भरलेली, काटा टोचलेल्या शर्टात, पंचविशीची, तेव्हा माझ्या तोंडून आई असं निघालंच नाही. मी पडद्यावर हात फिरवला आणि म्हणाले, दमलीस का गं पोरी.